हिवाळ्याची साठवण: मटार, मोरावळा आणि ओल्या हळदीचं लोणचं, न बिघडता

फेब्रुवारी संपत आला की ओळखीपाळखीतून तक्रारी सुरू होतात. मटाराचा दगड झालाय. मोरावळ्याला फेस येतोय. हळदीच्या लोणच्यावर पांढरं काहीतरी दिसतंय, वरचं काढून खाल्लं तर चालेल का? तक्रारी तीन तऱ्हेच्या असल्या तरी खोदत गेलं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं. कुठेतरी नको तिथे ओल राहिलेली असते, आणि ती राहते कारण मधली वाट पाहण्याची पायरी गाळलेली असते.

माझा स्वतःचा पहिला मटार असाच होता. उकळला, चाळणीत दोनदा झटकला आणि पिशवीत भरून थेट फ्रीझरमध्ये. मार्चमध्ये उसळीपुरता काढायला गेले तर अडीच किलोची एक हिरवी वीट. शेवटी ती पंच्यात गुंडाळून ओट्यावर ठेवली आणि खलबत्त्याच्या बत्त्याने फोडली. निम्म्या दाण्यांची भाजी झाली, निम्म्यांचा चुरा.

तेव्हा इथे पाककृती कमी आणि क्रम जास्त आहे. क्रम मोडू नका.

## आधी वेळापत्रक

तिन्ही कामं एकाच दिवशी काढू नका. आवळ्याला रोज थोडा थोडा वेळ लागतो, पण असे पाच-सहा दिवस लागतात, म्हणून त्याची सुरुवात सर्वांत आधी, आठवड्याच्या मधल्या वारी करा. मटार शनिवारी, घरात सोलायला हात असतील तेव्हा. हळद रविवारी, अगदी शेवटी. एकदा हळदीत हात गेला की त्या दिवशी ओट्यावर दुसरं काहीही करायचं नाही.

बाजाराच्या दृष्टीने डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर हा काळ तिन्हींना जमतो. आवळा संक्रांतीनंतर कमी होत जातो, ओली हळद मात्र फेब्रुवारीतही मिळते. त्यामुळे एखादी गोष्ट लांबणीवर टाकायचीच असेल तर हळद टाका, आवळा नको.

## पूर्वतयारी: बरण्या आणि भांडी

१. काचेच्या बरण्या. साबणाने धुवा. मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घाला, त्यावर बरण्या ठेवून गार पाणी भरा आणि मग गॅस पेटवा. उकळत्या पाण्यात गार बरणी सोडली की तडकते. उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवा, काढून स्वच्छ कापडावर उपड्या घाला, मग उन्हात. ‘चांगली पुसून घेतली’ हे उत्तर इथे चालत नाही. पुसायचं फडकंच बहुतेक वेळा दमट असतं.

२. चिनी मातीची बरणी उकळू नका. आधी कोमट, मग कढत पाण्याने विसळा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा. आतला लेप तडकलेला, भेगाळलेला असेल तर ती बरणी मीठ ठेवायला घ्या, लोणच्याला नको. त्या भेगांतली ओल तुम्हाला दिसत नाही, बुरशीला दिसते.

३. झाकणं. आतली रबरी चकती निघत असेल तर काढून वेगळी वाळवा. तिच्या मागे हमखास दोन थेंब पाणी असतं.

तपासा: कोरडी वाटणारी बरणी झाकण लावून अर्धा तास उन्हात ठेवा. आतल्या बाजूला वाफेचं धुकं धरलं तर बरणी ओली आहे. उघडून पुन्हा वाळवा.

४. बाकीचं सामान: पाच-सहा लिटरचं पातेलं, मोठी चाळणी, धुतलेल्या जुन्या सुती साडीचे तुकडे, वजनकाटा, आणि फ्रीझरमध्ये *आडवी मावणारी* दोन ताटं. ताट मावतं का ते आज पाहा. मटार उकळून झाल्यावर बघाल तर कोफ्ते काढून ताट घुसवण्याची कसरत करावी लागेल.

## मटार

१. खरेदी. शेंग भरलेली, हिरवीगार आणि गार लागणारी हवी. मूठभर शेंगा एकमेकींवर घासल्या की कुरकुर आवाज येतो, तो ताजेपणा. साल पांढुरकं, जाळीदार झालेलं आणि दाणे एकमेकांना दाबून चौकोनी झालेले असतील तर माल जून आहे. भाजीवाल्याला विचारून एक दाणा तोंडात टाका. गोड लागला तरच घ्या.

जानेवारीत पुण्या-मुंबईच्या बाजारात येणारा बराचसा मटार मध्य प्रदेशातून, जबलपूरकडून आलेला असतो, म्हणजे वाटेत त्याचा दिवस-दोन दिवस गेलेला असतो. तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचं पिष्ट (स्टार्च) होत राहतं, म्हणून घरी आणून ‘रविवारी बघू’ म्हणत ठेवू नका. आणला त्या दिवशीच सोला.

हिशेब असा: चांगल्या शेंगांमधून किलोला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम दाणे निघतात. घरगुती फ्रीझरमध्ये एका दिवशी किलो-दीड किलो दाण्यांपेक्षा जास्त घालू नका. जास्त घातले तर आतलं तापमान वर चढतं, दाणे सावकाश गोठतात, त्यांच्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि शिजल्यावर दाणा पिचपिचीत लागतो. पाच किलो शेंगा आणायच्या असतील तर दोन शनिवार धरा.

२. निवड. सोलतानाच दोन पातेली घ्या: बारीक-कोवळे एकात, टपोरे दुसऱ्यात. हे नुसतं टापटिपीसाठी नाही. दोघांना लागणारा वेळ वेगळा आहे. मिठाच्या पाण्यात दाणे सोडले की पोकळ आणि किडके बहुतेक वर तरंगतात, ते काढून टाका.

३. उकळतं पाणी. चार लिटर पाणी खळखळून उकळू द्या. त्यात एका वेळी फक्त अर्धा किलो दाणे. पाण्याला मिनिटभरात पुन्हा उकळी यायला हवी. नाही आली तर दाणे जास्त झाले, पुढच्या घाण्याला कमी घ्या. पुन्हा उकळी आल्यापासून मोजा: बारीक दाण्यांना दीड मिनिट, टपोऱ्यांना दोन. घड्याळ लावा, अंदाज नको.

‘उकळायचंच कशाला, फ्रीझरमध्ये तर ठेवतोय’, असं बरेच जण म्हणतात. दाण्यात असलेली विकरं (एन्झाइम्स) गोठूनही पूर्ण थांबत नाहीत, सावकाश काम करतच राहतात. दोन-तीन महिन्यांत रंग मातकट होतो आणि चवीला गवताचा वास येतो. ती विकरं उष्णतेने मारायची म्हणून ही दीड मिनिटं. दुसऱ्या टोकाला, पाच मिनिटं उकळाल तर ते साठवणं नव्हे, शिजवणं झालं.

जपून: रंगासाठी खायचा सोडा घालू नका. दाणा हिरवागार दिसतो खरा, पण साल सुटून तो लगद्यासारखा मऊ होतो आणि क जीवनसत्त्वाचाही नाश होतो. चिमूटभर साखर घालण्याची पद्धत आहे. तिने बिघडत काही नाही आणि फार साधतही नाही.

४. बर्फाचं पाणी. दाणे चाळणीत उपसले की लगेच बर्फ घातलेल्या पाण्यात. पाणी आधीपासून तयार हवं. उकळताना जेवढा वेळ दिला निदान तेवढा इथेही द्या. पाणी कोमट झालं तर बदला. बाहेरून गार लागणारा दाणा आत गरम असतो आणि आतल्या आत शिजत राहतो.

तपासा: एक दाणा दातांनी अर्धा तोडा. मध्यभागी जिभेला गार लागला पाहिजे.

५. सुकवणं. याच पायरीला माझी वीट झाली होती. चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मग सुती कापडावर एकेरी थरात पसरा, पंखा लावा, मधून एकदा हाताने हलवा. अर्धा-पाऊण तास पुरतो. ऊन दाखवू नका, दाणा सुरकुततो. तासाभराहून जास्तही ठेवू नका.

तपासा: कोरड्या कापडाचा तुकडा दाण्यांवर हलकेच दाबा. ओला डाग उमटला तर अजून दहा मिनिटं.

६. दोन टप्प्यांत गोठवणं. आधी ताटात एकेरी थर लावून फ्रीझरमध्ये दोन-तीन तास. ताट हलवल्यावर गोट्यांसारखा खडखडाट झाला की मगच पिशवीत भरा. एका पिशवीत एका वेळच्या भाजीपुरते, म्हणजे पाव किलोच्या आसपास. हवा दाबून बाहेर काढा, पिशवी सपाट करा, तारीख लिहा. भरायचं काम पाच मिनिटांत उरका. दाणे बाहेर राहिले की त्यांच्यावर दव धरतं आणि पुन्हा तीच वीट.

फ्रीझरमध्ये उणे १८ अंश राखले जात असतील तर हा मटार आठ-दहा महिने सहज जातो. एक दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये जो बर्फाचा कप्पा असतो तो एवढा थंड नसतो. तिथे महिना-दीड महिन्यापुरताच साठा करा.

वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका, बंद दारामागे गारवा बराच टिकतो. वीज आल्यावर दाण्यांवर अजून बर्फ असेल तर पुन्हा गोठू द्या. पूर्ण सुटले असतील तर त्या दिवशी मटार-उसळ. आणि वापरताना आधी बाहेर काढून वितळवत बसायचं नाही, गोठलेले दाणे तसेच फोडणीत किंवा उकळत्या रश्श्यात टाकायचे.

## मोरावळा

मटारात चूक झाली तर चव जाते. मोरावळ्यात चूक झाली तर किलोभर आवळे आणि दीड किलो साखर जाते, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

प्रमाण: १ किलो आवळे, दीड किलो साखर, मीठ, वेलदोडे ८-१०, थोडं जायफळ. साखर कमी करून ‘हेल्दी’ मोरावळा करण्याचा मोह सोडून द्या. इथे साखर गोडीसाठी कमी आणि टिकवण्यासाठी जास्त आहे. पाकात ती ६८-७० टक्क्यांपर्यंत पोचली की बहुतेक जिवाणू-बुरशीला वापरता येईल असं पाणीच उरत नाही. कमी साखरेचा करायचाच असेल तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा.

१. आवळे निवडा. मोठे, पिवळसर हिरवे, किंचित पारदर्शक दिसणारे. डाग पडलेला, दबलेला एकही नको. एका दबलेल्या आवळ्यासाठी अख्खी बरणी पणाला लावू नका, त्याची चटणी करा.

२. टोचणं आणि मिठाचं पाणी (पहिली संध्याकाळ). धुऊन स्टीलच्या काट्याने प्रत्येक आवळा चहूबाजूंनी पंधरा-वीस ठिकाणी टोचा, काटा बीपर्यंत पोचू द्या. न टोचलेल्या आवळ्याच्या सालीतून पाक आत शिरत नाही. मग लिटरला २० ग्रॅम मीठ, अशा पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. तुरटपणा बराच उतरतो.

जपून: लोखंडाची कढई, लोखंडी विळी किंवा सुरी, ॲल्युमिनियमचं पातेलं, काहीही नको. आवळ्यातल्या टॅनिनचा (तुरट द्रव्याचा) लोखंडाशी संबंध आला की काळं पडतं आणि ते काही केल्या जात नाही. स्टीलचं पातेलं, लाकडी किंवा स्टीलचा चमचा.

३. वाफवणं (दुसरी सकाळ). दोन पाण्यांनी धुऊन चाळणीत वाफवा. पाण्यात बुडवून नाही, आणि कुकरची शिट्टी तर नाहीच. दहा-बारा मिनिटांत आवळ्याच्या पाकळ्यांमधल्या रेषा स्पष्ट दिसू लागतात. तिथे थांबा.

तपासा: काटा विनाकष्ट आत जावा, पण आवळा आपणहून फुटू नये. फुटलेच तर घाबरू नका. बिया काढून फोडींचा मोरावळा करा, उलट तो लवकर मुरतो. फक्त अख्खे आणि फुटलेले एकत्र नको, दोघांचा पाक वेगळ्या गतीने आत जातो.

वाफवलेले आवळे कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. टोचलेल्या भोकांतून पाणी पाझरतं, ते टिपलं जाऊ दे.

४. पहिली साखर. पातेल्यात साखर-आवळे-साखर असे थर, एकूण १ किलो साखर. पाणी अजिबात नाही. झाकून चोवीस तास. दुसऱ्या दिवशी आवळे स्वतःच्याच पाण्यात पोहत असतील.

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. घाई असलेले लोक आधी घट्ट पाक करतात आणि गरम आवळे त्यात टाकतात. मग बाहेरचा दाट पाक आवळ्यातलं पाणी झपाट्याने ओढून घेतो, पण साखर तेवढ्या वेगाने आत जात नाही. आवळा आक्रसतो, चामट होतो, आणि एकदा आक्रसला की नीट फुगत नाही. पाक पातळापासून दाटाकडे टप्प्याटप्प्याने न्यायचा. हे पाच दिवस आवळ्यासाठी आहेत, आपल्या हौसेसाठी नाहीत.

५. दुसरी साखर (तिसरा दिवस). आवळे झाऱ्याने बाजूला काढा. पाकात पाव किलो साखर घालून पाच-सहा मिनिटं उकळा, वर येणारी मळी काढा. पाक कोमट झाला की आवळे परत आत.

६. तिसरी साखर (चौथा दिवस). पुन्हा आवळे काढा, उरलेली पाव किलो साखर घाला आणि पाक एकतारी करा. मग आवळे सोडून मंद आचेवर पाच मिनिटं. गॅस बंद, झाकण ठेवा.

एकतारी कशी ओळखायची? थेंब बशीत जरा निवू द्या, अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं सावकाश लांब करा. एक तार निघून लगेच तुटायला हवी. तार लांबच लांब न तुटता राहिली, किंवा दोन तारा दिसल्या, तर पुढे गेलात. स्वयंपाकघरातला तापमापक असेल तर काम आणखी सोपं: तुमच्या गावी पाणी जितक्या अंशाला उकळतं त्याच्या साधारण ५ अंश वर. मुंबईत हे १०५ च्या आसपास येईल. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे पाणीच ९८ च्या सुमारास उकळतं, म्हणून १०३ ला थांबा. पुस्तकात १०५ लिहिलंय म्हणून पुण्यात १०५ गाठाल तर पाक पुढे जाईल आणि बरणीत साखर बसेल.

७. दोन दिवस थांबा आणि पुन्हा पाक तपासा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. चौथ्या दिवशी एकतारी केलेला पाक सहाव्या दिवशी बघा: पातळ झालेला असतो! आवळ्याने उरलंसुरलं पाणी त्यात सोडलेलं असतं. न बघता भरलेली बरणी महिनाभरात फसफसते ती याच पाण्यामुळे. तेव्हा आवळे काढा, पाक पुन्हा एकतारीवर आणा, आवळे घाला, एक हलकी उकळी. गॅस बंद केल्यावर वेलदोड्याची पूड आणि जायफळ. आधी घातलं तर उकळण्यात स्वाद उडून जातो.

८. भरणं. पूर्ण गार झाल्यावरच. कोमट असताना झाकण लावलंत तर वाफ झाकणाला धरते, तिचे थेंब पाकावर पडतात आणि वरचा थर पातळ होतो. बुरशी नेमकी तिथून सुरू होते. आवळे पाकात बुडलेले हवेत. वर तरंगत असतील तर पहिले आठ-दहा दिवस बरणी रोज एकदा तिरकी फिरवा, म्हणजे वरचे आवळे ओले राहतील.

तपासा: पंधरा दिवसांनी कोरड्या चमच्याने पाकाचा थेंब बशीत घ्या. बशी तिरकी केल्यावर तो आळसटल्यासारखा घरंगळला पाहिजे. पाण्यासारखा धावला तर बरणी रिकामी करून पाक पुन्हा आटवा. त्यासाठी अजून उशीर झालेला नाही.

बिघडलं तर:

पाकात साखरेचे खडे झाले: आटवणं जास्त झालं. बरणी कोमट पाण्यात ठेवून हळूहळू तापवा, किंवा पाक वेगळा काढून थोडं पाणी आणि अर्धा चमचा लिंबाचा रस घालून एक उकळी द्या.

आवळे आक्रसले: पाकात पाणी घालून तो पातळ करा, आवळे त्यात मंद आचेवर थोडे उकळून रात्रभर ठेवा आणि पाक पुन्हा सावकाश दाट करत आणा. थोडी सुधारणा होते, पूर्ण नाही.

बारीक बुडबुडे, आंबूस किंवा दारूसारखा वास: आंबलंय. टाका. वर बुरशी: तीही सगळी टाका. वरचा थर काढून खालचं खाऊ नका, बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच खाली गेलेले असतात. आमच्या सासूबाईंना हे अजूनही पटत नाही, त्यामुळे बरणी रिकामी करायचं काम मी त्या देवळात गेल्यावर करते.

गुळाचा करायचा असेल तर क्रम हाच. फक्त गुळाचं पाणी आधी उकळून गाळून घ्या आणि रंग काळपट येणार हे धरून चाला.

## ओल्या हळदीचं लोणचं

हे त्या मानाने सोपं, तासा-दीड तासाचं काम.

प्रमाण: पाव किलो ओली हळद, ५० ग्रॅम आलं, ५० ग्रॅम हिरव्या मिरच्या, दीडशे मिली लिंबाचा रस (रसदार असतील तर सहा-आठ लिंबं), ४५ ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे मोहरीची डाळ, अर्धा चमचा मेथ्या, हिंग, अर्धी वाटी तेल.

बाजारात एकाच टोपलीत कधीकधी दोन जाती असतात. मोडून बघा: आतून गडद केशरी ती आपली नेहमीची हळद, फिकट पिवळी आणि कैरीचा वास येणारी ती आंबेहळद. लोणचं दोन्हींचं होतं, मिसळूनही छान लागतं. फक्त नुसत्या आंबेहळदीच्या लोणच्याला रंग आला नाही म्हणून वरून हळद घालत बसू नका.

१. धुणं, आदल्या रात्री. हळदीच्या बोटांच्या सांध्यांमध्ये माती दडलेली असते. बोटं सुटी मोडून घ्या, पाण्यात अर्धा तास भिजवा आणि जुन्या दातघासणीने घासा. मग कापडावर रात्रभर पंख्याखाली. सकाळी धुऊन लगेच चिरायला घेतलेल्या हळदीचंच लोणचं पांढरं पडतं. मिरच्या, आलं आणि लिंबंही आदल्या रात्रीच धुऊन पुसून ठेवा.

२. ओटा आणि हात. ओट्यावर वर्तमानपत्र, हातमोजे असतील तर उत्तम, नसतील तर हाताला आणि सुरीला तेल. पांढरी प्लॅस्टिकची पाटी आणि मिक्सरचं पांढरं झाकण आसपास नको.

जपून: कपड्यावर डाग पडला की लोक धावत जाऊन साबण लावतात आणि पिवळा डाग लालभडक होतो. घाबरायचं कारण नाही. साबणातल्या अल्कलीने हळदीचा रंग बदलतो. धुऊन कडक उन्हात घाला, उन्हाने हळदीचा रंग उडतो. दोन-तीन उन्हं लागतील.

३. चिरणं. चमच्याच्या कडेने साल खरवडा, सोलाण्याने अर्धी हळद वाया जाते. पातळ चकत्या करून त्यांच्या काड्या करा. किसू नका असं माझं मत. किसाचं लोणचं लवकर मुरतं पण आठवड्यात त्याचा लगदा होतो, काडी महिनाभर कुरकुरीत राहते. आलं-मिरची त्याच मापाची.

४. मीठ आणि रस. काड्या, आलं, मिरच्या, मीठ आणि लिंबाचा रस कोरड्या काचेच्या भांड्यात एकत्र करा आणि बाकीचं होईपर्यंत राहू द्या. रस हात आखडून घालू नका. हळद, आलं ही जमिनीखालची कंदं, त्यांच्यात स्वतःचा आंबटपणा नाही, टिकवण्याचं काम लिंबाला करायचं आहे.

५. मसाला आणि फोडणी. मेथ्या थोड्या तेलात तांबूस तळून पूड करा. काळपट झाल्या तर कडू होतात, टाकून दुसऱ्या घ्या. मोहरीची डाळ कोरड्या मिक्सरमध्ये एकदाच फिरवा. तेल धूर येईपर्यंत तापवून गॅस बंद करा, मिनिटभराने हिंग घाला. आता हे तेल *पूर्ण* गार होऊ द्या, त्यात बोट बुडवता यायला हवं. गरम तेल ओतलं तर मोहरीचा झणका जातो, काड्या मऊ पडतात, आणि भांड्यावर झाकण असेल तर वाफेचं पाणीही आत येतं.

६. कालवणं आणि भरणं. मोहरी, मेथी, गार तेल एकत्र कालवून बरणीत दाबून भरा. वरून रस आणि तेलाचा थर काड्यांच्या वर दिसला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पाहा: काड्या वर डोकावत असतील तर आणखी एका लिंबाचा रस पिळा. तीन-चार दिवस रोज कोरड्या चमच्याने हलवा, मग फ्रिजमध्ये. दोनेक महिने चांगलं राहतं.

तपासा: चौथ्या दिवशी एक काडी चावून बघा. कच्च्या हळदीचा मातकट वास गेलेला असेल, कुरकुर शिल्लक असेल आणि मोहरी नाकात चढेल. मातकट लागलं तर अजून दोन दिवस द्या, मीठ मात्र एवढ्यात वाढवू नका.

आणि बरणीत रोजचा पोळीचा हात घालू द्यायचा नाही. आठवड्यापुरतं लोणचं छोट्या वाटीत काढून टेबलावर ठेवा, मोठी बरणी मागच्या कप्प्यात. मोरावळ्यालाही हाच नियम, विशेषतः घरात शाळेतून येणारी मुलं असतील तर.